माझ्या उंचीची तारीखवार नोंद

वसईजवळच्या आमच्या वटार गावात मोगऱ्याच्या टोपल्या तापू नयेत म्हणून त्यांच्यावर ओलं गोणपाट टाकतात. पद्धत चांगली आहे. मोगऱ्यापुरती माझी तिच्याविरुद्ध काहीच तक्रार नाही. पण मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या मंडळाचे अध्यक्ष शंकरकाका हॉलमध्ये आले, कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर हात ठेवला, "अरे, हे तर भाजतंय!" म्हणाले, आणि विहिरीवरून एक गोणपाट चांगलं भिजवून आणून त्याच्यावर पसरलं. वर दोन तांबे पाणी शिंपडलं. फुलांना शिंपडतात तसं, हाताने, प्रेमाने.

त्या कॉम्प्युटरमध्ये आमच्या समाजाची अकराशे चाळीस लग्नाळू मुलं-मुली होती.

म्हणजे त्यांची माहिती. मंडळाचं वधू-वर केंद्र मी चालवतो. गावात सगळे मला सॉफ्टवेअर इंजिनियर समजतात. मी वसई पूर्वेच्या एका कंपनीत लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देतो. गावाचा हा गैरसमज मी दूर केला नाही, कारण लग्नाच्या बाजारात माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. वय अडतीस. तीन वर्षांपूर्वी मी सगळे कागदी फॉर्म डेटाबेसमध्ये चढवले तेव्हा माझा सत्कारसुद्धा झाला होता. कागद मग शंकरकाकांनी मोगऱ्याच्या पुड्या बांधायला घेतले. दादरच्या फूलबाजारात आमच्या समाजाच्या जन्मवेळा महिनाभर फुकट वाटल्या जात होत्या.

आणि येत्या रविवारी वधू-वर मेळावा होता. नायगावपासून अर्नाळ्यापर्यंतची माणसं येणार होती. त्याच मेळाव्यात मी जागृतीला पहिल्यांदा भेटणार होतो.

जागृती बत्तीस वर्षांची, मूळ आमच्याच पट्ट्यातली, आता आईबरोबर नायगावच्या एका टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारी. फोटोवरून दोन्ही घरांची पसंती झाली होती. मला आयुष्यात एवढ्या पुढपर्यंत कोणी येऊ दिलं नव्हतं.

मी मशीन गोणपाटासकट रिक्षात घातलं आणि नायगावला अल्पेशच्या दुकानात नेलं. अल्पेश खाडीकाठच्या गावातला, दुरुस्तीत हुशार, बोलण्यात सरळ. त्याने झाकण उघडलं. आतून एक मोगऱ्याची कळी खाली पडली.

"मशीनला पानी कोनी पाजलं?"

"काकांनी. तापलं होतं म्हणून."

"मंग ताप उतरलाय," अल्पेश म्हणाला. "कायमचा. डिस्क गेली, दादा. बॅकअप हाय ना?"

बॅकअप होता. दिवाळीतला. मेळाव्याच्या परिपत्रकात मी "डेटा रोज सुरक्षित केला जातो" असं छापलं होतं, आणि ते छापल्यावर मला इतकं सुरक्षित वाटलं की पुढे काही करायची गरजच वाटली नाही.

"आन् लॉग?" अल्पेशने विचारलं.

इथे जरा सांगायला हवं. डेटाबेस स्वतःची एक रोजनिशी ठेवतो. कोणी, किती वाजता, काय बदललं, आधी काय होतं, नंतर काय झालं, सगळं ओळीने. तिला लॉग म्हणतात. बॅकअप वेळेवर घेतले की ही रोजनिशी आटोक्यात राहते. नाही घेतले की फुगत जाते. मी घेतले नाहीत, त्यामुळे ती इतकी फुगली की मशीनमध्ये जागा उरेना, म्हणून मी तिला एका वेगळ्या डिस्कवर हलवलं होतं. ती डिस्क भाजीच्या पिशवीत घालून वायरसकट खिळ्याला टांगली होती. गोणपाट तिथपर्यंत पोचलं नव्हतं.

"मंग वाचलास," अल्पेश म्हणाला. "दिवाळीचा बॅकअप चढव, त्याच्यावर लॉग चालव. दिवाळीपासून आजपर्यंत जे जे झालं ते सगळं परत होईल, जसंच्या तसं."

जसंच्या तसं. मला रिक्षात बसल्यावर घाम फुटला.

कारण दिवाळीनंतर मी काही बदल केले होते. डिसेंबरात एका मुलीकडून "मुलगा जरा ठेंगणा वाटतो" असा निरोप आला, त्या दिवशी मी माझ्या फॉर्ममध्ये उंची अर्धा इंच वाढवली. पाच फूट साडेचारचा पाच फूट पाच झालो. कोणी काही बोललं नाही. मग जानेवारीत अर्धा. फेब्रुवारीत अर्धा. एकदम वाढलो तर डोळ्यांवर येईल, म्हणून हळूहळू. एप्रिलपर्यंत मी पाच फूट सात होतो. वाटेत कधीतरी माझा चष्मा गेला, जन्मसाल तीन वर्षं पुढे सरकलं, आणि छंदाच्या रकान्यात "क्रिकेट बघणे" होतं तिथे "गिर्यारोहण" आलं. मी जिवदानीच्या देवळाचा डोंगर चढायला गेलो तरी अर्ध्या पायऱ्यांवर सरबत पितो.

हे सगळं एक वेळ खपलं असतं. पण शेवटचा बदल माझ्या फॉर्ममध्ये नव्हता. जागृतीच्या होता. तीन आठवड्यांपूर्वी, फोटो पसंत पडल्याच्या संध्याकाळी, मला भीती वाटली की मेळाव्याच्या आधी कोणी खरोखरचा पाच फूट सात इंचवाला तिला फोन करेल. म्हणून मी तिच्या नावापुढे "उपलब्ध" होतं ते काढून "ठरलं" लिहिलं. फक्त मेळाव्यापर्यंत. मग परत बदलणार होतो. देवाशपथ.

मी अल्पेशकडून दुसरं मशीन आणलं आणि दिवाळीचा बॅकअप चढवला. इंटरनेटवर वाचून वाचून बटणं दाबली. पडद्यावर डेटाबेसच्या नावापुढे शब्द आला, "रिस्टोअरिंग". मी टाळी वाजवली. काम सुरू झालं होतं. शंकरकाकांनी मशीनपुढे उदबत्ती लावली. गोणपाट लांब ठेवा असं मी त्यांना हात जोडून सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळपर्यंत "रिस्टोअरिंग". बुधवारी दिवसभर "रिस्टोअरिंग". येणारा-जाणारा विचारायचा, "काय रे, झालं का?" मी म्हणायचो, "अकराशे माणसं आहेत बाबा, वेळ लागणारच." एकदा तर मी मशीनवर कान ठेवून "चाललंय आत" असंही सांगितलं.

गुरुवारी दुपारी शंकरकाका हसत हसत आले. मागे कमिटीचे दोघे, पन्ह्याचा तांब्या घेऊन माझी आई, म्हणजे सुभद्राबाई, आणि आईच्या मागे एक मुलगी, पाठीवर लॅपटॉपची बॅग.

"अरे स्वरूप," काका म्हणाले, "मला आठवलं, तूच टाइप केलंस ना, नोकरीच्या रकान्यात, डेटाबेसवाली आहे म्हणून? मी हिच्या आईला फोन केला. अर्धी रजा टाकून आली बिचारी. जागृती, हा आमचा स्वरूप. फार हुशार आहे."

फॉर्मप्रमाणे मला चष्मा नव्हता, म्हणून मी तो आधी खिशात घातला. फॉर्मप्रमाणे मी पाच फूट सात होतो, म्हणून मी खुर्चीतून उठलो नाही. बसूनच हात जोडले, अंदाजाने.

"मी इकडे आहे," उजवीकडून आवाज आला.

तिने खुर्ची ओढली आणि पडद्याकडे बघितलं.

"कधीपासून आहे हे असं?"

"परवापासून. चाललंय काम."

"हे काम करत नाहीये. हे वाट बघतंय. तुम्ही बॅकअप चढवून याला सांगितलंत, थांब, पुढचे लॉग देतो. आणि दिलेच नाहीत. हे असंच बसून राहणार, आयुष्यभर."

"अगदी आमच्यासारखंच," आई म्हणाली आणि पन्हं ओतायला लागली.

जागृतीने पिशवीतली डिस्क जोडली. भाजीची असली तरी फूलवाल्यांच्या घरची पिशवी होती, आतून वाळलेल्या पाकळ्या निघाल्या. मी खुर्ची न सोडता तिच्या जवळ सरकलो आणि हळूच विचारलं, "यातलं थोडं वगळता येतं का? म्हणजे मधलंच काही? उगाच जुना कचरा कशाला?"

"नाही. ओळीने चालवावं लागतं. मधलं एक सोडलं की पुढचं काहीच लागत नाही."

"म्हणजे वळेसरासारखं," काका म्हणाले. "मध्ये दोरा कापला की पुढची सगळी फुलं खाली."

"हो काका, तसंच. फार तर एखाद्या वेळेला थांबता येतं. म्हणजे त्याच्या पुढचं सगळं जाणार."

"तीन आठवड्यांपूर्वी थांबूया?" मी म्हटलं.

"का?"

"शुभ दिवस होता."

"आणि आमची रिद्धी?" काका उसळले. रिद्धी त्यांची नात. "तिचा फॉर्म पंधरा दिवसांपूर्वी भरलाय! तिला काय दारात उभी ठेवणार? बाई, तू चालव सगळं."

तिने चालवलं. तासभर लागला. त्या तासाभरात मी जागचा हललो नाही. आईने दोनदा "अरे, तिला पंखा लावून दे, उठ" म्हटलं. मी पाय झोपलाय असं सांगितलं. पंखा शेवटी जागृतीनेच लावला. ती माझ्या बाजूने गेली तेव्हा मला चष्म्याशिवायसुद्धा दिसलं की ती उंच आहे.

मग ती म्हणाली, "झालं. अकराशे चाळीस." कमिटीने टाळ्या वाजवल्या. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं परत आलं, कोणाला काही कळलं नाही, आता ही गेली की मी गुपचूप "ठरलं" काढणार. मग काका म्हणाले, "थांबा, बारक्या अक्षरात कशाला, क्रिकेटचा प्रोजेक्टर आहे की आपला!" आणि समोरची भिंत उजळली.

"एखादी नोंद तपासून घेऊ," जागृती म्हणाली. "माझीच बघते. माझी मला पाठ आहे."

मला भिंतीवर फक्त पांढरं आणि काळं दिसत होतं.

"हे 'ठरलं' कुठून आलं?" जागृती म्हणाली. "लॉगमध्ये गडबड झाली असणार. बघते." तिची बोटं चालली. भिंतीवर काळं वाढलं.

"काय लिहिलंय रे?" काका म्हणाले. "माझा चष्मा घरी राहिला. स्वरूप, मोठ्याने वाच."

आता काय करणार? मी भिंतीकडे विचारमग्न चेहऱ्याने बघितलं आणि म्हणालो, "सगळं व्यवस्थित दिसतंय. तारखा वगैरे बरोबर आहेत."



"तिसरी ओळ वाचा ना," जागृती म्हणाली. आवाज अगदी सपाट.

"तिसरी ना... ती जरा तांत्रिक आहे. सर्व्हरचं असतं काहीतरी."

"मी वाचते," आई म्हणाली. आई सातवीपर्यंत शिकलेली आहे. ती एकेक शब्द बोट धरून नेल्यासारखी वाचते, आणि त्या दिवशी तिला भिंतीवरची मोठी अक्षरं फार आवडली. "जागृती. आधी, उपलब्ध. नंतर, ठरलं. कोणी केलं... स्वरूप." ती माझ्याकडे वळली. "आपला स्वरूप?"

"बघू, याच युजरने अजून काय काय केलंय," जागृती म्हणाली.

पुढचं मला दिसलं नाही, ऐकू मात्र सगळं आलं. आई डिसेंबरपासून वाचत निघाली. "उंची. आधी पाच फूट साडेचार, नंतर पाच फूट पाच. उंची. पाच फूट पाच, नंतर पाच फूट साडेपाच. उंची..."

"अरे थांब, थांब," काका म्हणाले. "अडतिसाव्या वर्षी वाढतोयस? खत कुठलं घालतोस? आमच्या केळीला सांग."

"पस्तीस," आई म्हणाली. "पुढच्या ओळीत पस्तीस केलंय. मी याला सत्त्याऐंशी साली जन्म दिला, मला आठवतंय ना. चष्मा, आधी आहे, नंतर नाही. म्हणून मघापासून तिला सोडून खांबाशी बोलतोयस होय!"

कमिटी लोळत होती. "गिर्यारोहण" आलं तेव्हा एकाच्या नाकातून पन्हं बाहेर आलं. मीसुद्धा हसायला लागलो. हसण्यावारी न्यावं असं वाटलं. तेवढ्यात लक्षात आलं की एक जण हसत नाहीये.

"तीन आठवडे," जागृती म्हणाली. "तीन आठवडे माझ्या घरी एकही फोन आला नाही. आधी आठवड्याला चार यायचे. माझी आई म्हणते, आता तुझं वय झालं. तिने माझी पत्रिका दोन ठिकाणी दाखवली. एकाने ग्रहांची शांत करायला लावली. तीन मंगळवार धरलेत तिने. साखरेची पेशंट आहे ती. परवा चक्कर येऊन पडली."



मी खिशातून चष्मा काढला आणि घातला. पहिल्यांदा भिंत दिसली. तेवीस ओळी होत्या, प्रत्येकीच्या शेवटी माझं नाव. मग ती दिसली. फोटोपेक्षा दमलेली होती. मग मी उठलो. उभं राहून झाल्यावर मला उगाच वाटत राहिलं की अजून थोडं उठायचं राहिलंय. पण तेवढंच होतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"मला नका सांगू. आईला सांगा. आत्ता."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पूर्ण कमिटीसमोर मी सांगितलं की काकू, तुमच्या मुलीच्या पत्रिकेत काही दोष नाही, दोष माझ्यात आहे, आणि मी सगळं सांगितलं. पलीकडून बारीक आवाज आला, "म्हणजे मी मंगळवार सोडू?"

"सोडा, काकू."

"आणि शांत केली ती?"

"ती... माझ्या नावावर घ्या."

जागृतीने फोन बंद केला. काकांकडून ॲडमिनचा पासवर्ड मागून घेतला आणि बदलला. यापुढे बॅकअप मीच घेणार म्हणाली, आणि घरून आपल्या लॅपटॉपवरूनही नोंदी बदलता येतील अशी सोय करून घेतली. मला नवे फॉर्म टाइप करायचा आणि बाकीचं नुसतं वाचायचा अधिकार ठेवला. माझा फॉर्म तिने माझ्याकडूनच दुरुस्त करून घेतला, भिंतीवर, एकेक रकाना, सगळ्यांसमोर. उंची टाइप करताना काकांनी मला भिंतीला उभं करून टेप लावली. पाच फूट चार. तो अर्धा इंचसुद्धा माझा नव्हता.

"रविवारचं आपलं भेटणं रद्द," ती म्हणाली, बॅग पाठीला लावली आणि गेली.

मेळावा छान झाला. जागृती आली नाही, पण तिच्या नावापुढे "उपलब्ध" होतं आणि तिची चौकशी करणारे सतरा जण मी स्वतः मोजले. मला विचारायला एकही जण आला नाही. ते नेहमीचंच. पण पुढच्या आठवड्यातही काही नाही. त्याच्या पुढच्याही. आधी निदान नकार तरी यायचे. आता तेही बंद.

मेळाव्यात कोणी विचारलं नाही म्हणून आईने लगेच पुढच्याच मंगळवारपासून मंगळवार धरले होते.

तिसऱ्या मंगळवारी ती उपाशीपोटी विहिरीवर बसलेली बघितली आणि मला कुठेतरी हे ऐकल्यासारखं वाटलं. मी हॉलमध्ये पळालो आणि माझा फॉर्म उघडला. माझ्या नावापुढे "ठरलं" होतं. लॉग वाचायची मला मुभा होती. स्वरूप. आधी, उपलब्ध. नंतर, ठरलं. कोणी केलं, जागृती. तारीख मेळाव्याच्या दुसऱ्या दिवसाची, वेळ सकाळी नऊ वाजून दोन मिनिटं.

मी घरी येऊन आईला सांगितलं. वाटलं, चिडेल.

"अक्कल आहे पोरीला," आई म्हणाली आणि साबुदाणा भिजत घातला.

मी बोटांवर मोजलं. तीन आठवडे सोमवारी पुरे होत होते. त्या सोमवारी मी कंपनीत उशिरा येतो म्हणून कळवलं आणि पावणेनऊपासून मशीनपुढे बसलो. नऊ वाजले. नऊ एक. नऊ दोनला "ठरलं" गेलं आणि "उपलब्ध" आलं. मिनिटाचाही फरक नाही. आता आपल्याशी तिचा काही संबंध उरला नाही, असं वाटून मला जितकं बरं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही.

नऊ दहाला फोन वाजला.

"आईंनीही मंगळवार धरले असतील ना? किती झाले?" जागृती.

"तीन."

"सोडायला सांगा."

"सांगतो." मी ठेवणार होतो, पण तिने ठेवला नव्हता. म्हणून विचारलं, "ते सतरा जण? मेळाव्यातले?"

"नऊ भेटून झाले. सगळे फॉर्मपेक्षा बुटके निघाले. तुमचीच एक उंची टेपने मोजलेली आहे. रविवारी मी बॅकअप घ्यायला हॉलवर येतेय. अकरा वाजता. आईही येईल, तिला तुम्हाला बघायचंय. कोण आहे तो बघू दे म्हणाली."

"बरं. मी काय..."

"चष्मा घालून या. आणि आई आत आली की उठून उभे राहा."